एकेचाळीस नंबरची काडी

युद्ध सरलेल्या बाबतीन शहराहून दुरुस्तीला आलेल्या, सुरुंग शोधायच्या सत्तावीस काड्या मेहजबीन शिकलगारने लांब टेबलावर ओळीने मांडल्या आणि वही उघडली. वही नावाला हत्यारांची होती; नोंदी असायच्या माणसांच्या. मूठ कुठे झिजली ते बघून मेहजबीन माणूस ओळखायची. अंगठ्याखालचं रबर गुळगुळीत झालं असेल तर माणूस भित्रा, गच्च धरणारा. करंगळीकडे झिजलं असेल तर निवांत. मूठ नव्यासारखीच असेल तर कामचुकार, आणि या शेवटच्या माणसाबद्दल तिला सगळ्यांत जास्त आदर वाटे. सुरुंग काढण्याच्या कामात अंगचोरी करूनही दहा बोटं शाबूत राखायची म्हणजे अंगात काहीतरी कसब हवंच.

"नंबर बारा," ती पुटपुटत लिहीत होती, "डावखुरा. सिगरेट सोडलेली दिसते. मुठीवर नखांचे ओरखडे."

टेबलाच्या पलीकडे दस्तगीरचाचा सतारीच्या घोडीवर कानस चालवत बसले होते. मिरजेतल्या या कारखान्याच्या पुढच्या अर्ध्या भागात चाचांचे भोपळे आणि सतारी होत्या, मागच्या अर्ध्यात पुतणीच्या काड्या. शिकलगार म्हणजे मूळचे तलवारींना धार लावणारे. लढाया सरल्या तेव्हा घराण्याने सतार हातात घेतली. आता मेहजबीनच्या पिढीत लढायांशी पुन्हा संबंध आला होता, पण मागच्या दाराने: लढाई संपून गेल्यावर जे जमिनीत उरतं, ते शोधण्यापुरता.

एकेचाळीस नंबर हातात आल्यावर मेहजबीन थबकली. अंगठ्याखालची झीज बेताची होती. आवाजाचं बटण मात्र अगदी शेवटच्या खुणेवर घट्ट बसलं होतं, जसं काही ते तिथून कधी हललंच नव्हतं. आणि काडीच्या मागच्या टोकाला, जिथे कुणाचा हातसुद्धा जायचं कारण नाही, तिथे रबरात चार खड्डे पडले होते.

"चाचा, हे बघा. उंदरानं खाल्लीय."

चाचांनी तिच्या हातातली काडी घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि खड्ड्यांवरून अंगठा फिरवला. दोन वर, दोन खाली. पुन्हा एकदा फिरवला. एरवी चाचा गप्प बसले की समजावं, चहा गार झालाय. आज चहा वाफाळत होता.

"उंदीर कुरतडतो," शेवटी ते म्हणाले. "हे धरलंय."

आणि त्यांनी सागाची पट्टी पुन्हा दातात घेतली.

ही पट्टी म्हणजे मिरजेतलं एक प्रस्थ होतं. सतारीची घोडी कानशीने घासून तारेला झणकार द्यायचा, त्याला जवारी काढणं म्हणतात. केसभर जास्त घासलं तर तार भसाडी, केसभर कमी घासलं तर मुकी. अख्ख्या मिरजेत या कामाला दस्तगीर शिकलगारांच्या कानासारखा कान नाही, असं सतार वाजवणारे सांगत. गेली काही वर्षं चाचा जवारी काढताना दाराकडे पाठ करून बसायचे आणि हातभर लांबीची सागाची पट्टी दातात तिरकी, चघळल्यासारखी धरायचे, तिचं दुसरं टोक सतारीच्या तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी पाटीला, टेकलेलं असायचं. लोक म्हणायचे, उस्तादाची लकब. गल्लीतल्या दोन तरुण कारागिरांनी हल्ली तशाच पट्ट्या चघळायला सुरुवात केली होती. विद्या पट्टीत आहे, असं त्यांना वाटत होतं.

मेहजबीनने चाचांच्या तोंडातल्या पट्टीकडे पाहिलं. झिजून मऊ झालेला साग, आणि त्यात खड्डे. दोन वर, दोन खाली.

तिने त्या दिवशी वहीत पुढचं काही लिहिलं नाही.

*

काडी म्हणजे छत्रीएवढी लांब, किलोभर वजनाची सळई. मोकळ्या शेतातले सुरुंग काढायला आता मोठी यंत्रं होती, वरून उडणारी आणि साखळ्या आपटत जाणारी. पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यापाशी ती सगळी लंगडी पडायची. तिथे शिरतो तो माणूस, गुडघ्यांवर. धातू शोधणारं यंत्र ढिगाऱ्यात न्यावं तर ते दिवसभर बोंबलत बसतं, कारण पडलेल्या घरात सळ्या, खिळे, नळ आणि पातेली यांच्याशिवाय असतं काय? आणि सुरुंग बहुधा प्लॅस्टिकचा.

मेहजबीनने प्रश्नच बदलला होता. वस्तू कशाची आहे हे विचारायचं नाही. ती दबते का, हे विचारायचं. सुरुंग कशाचाही असो, पायाखाली दबणारं झाकण त्याला असावंच लागतं आणि झाकणाखाली थोडी पोकळी. वीट दबत नाही, सिमेंट दबत नाही. काडीचं टोक बाजूने, तिरकं, हळूच टेकवायचं. जरा जास्त जोर लागला तर मूठच मागे सरकते. टोकातला स्फटिक विजेवर थरथरतो, माशीच्या पंखाएवढा. ती थरथर वस्तूत जाते आणि वस्तू उत्तर देते. विटेचं उत्तर ठक्क, मेलेलं. रिकाम्या डब्याचं घुमतं, पण एकसुरी. दबणाऱ्या झाकणाचं उत्तर मात्र जवारी काढलेल्या तारेसारखं असतं, एका सुराच्या पोटात दुसरा सूर थरथरत असतो. शिकलगारांच्या घरात हा फरक दुधाचे दात पडायच्या आत कळतो.

सुरुवातीला काडीवर लाल-हिरवा दिवा होता. लोक जमिनीऐवजी दिव्याकडे बघायला लागले. शंका आली की माणूस थांबतो. दिवा न थांबता कुठलातरी एक रंग दाखवून मोकळा होतो. म्हणून दिवा काढला आणि उत्तर इअरफोनमधून थेट माणसाच्या कानात सोडलं. ठरवणार तो माणूस. आमच्या घराण्याला शोभेल असं हत्यार झालं, असं मेहजबीनला तेव्हा वाटलं होतं. शेवटची तपासणी चाचांची. त्यांनी इअरफोन कानात घातला, डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणाले, "वा!"

चारशे काड्या त्या एका 'वा'वर समुद्रापार गेल्या होत्या.

*

सुभेदार नारायण हुलवान फौजेच्या इंजिनिअर पलटणीतून निवृत्त झालेले, मूळचे कोयनेकाठचे. बाबतीन शहरात सुरुंग काढणाऱ्या चाळीस जणांच्या तुकडीचे ते प्रमुख होते. फोनच्या पडद्यावर त्यांच्यामागे अर्धी भिंत होती आणि तिच्यावर अर्धं कॅलेंडर.

"एकेचाळीस नंबर कुणाकडे असते, सुभेदारसाहेब?"

"वफाकडं. का, बिघडली व्हय? लवकर धाडा म्याडम. आमच्यातली एक नंबर पोरगी हाय ती. शाळेत गणित शिकवायची. गेल्या महिन्यात एकटीनं एकतीस काढले."

"काडी दातात धरते का ती?"

सुभेदार एकदम फौजी झाले. मान ताठ, नजर समोर. "सवय असंल. पेन चावत्यात की लोकं."

"काडीचं मागचं टोक दातात धरायचं तर तोंडावरची काच वर करावी लागते. आणि वाकावं लागतं. तोंड आणि सुरुंग यात अंतर किती राहतं?"

"दोन हात," सुभेदार म्हणाले. मग स्वतःच दुरुस्त केलं, "दीड."

"तिला ऐकू येत नाही."

"कमी येतं." त्यांनी मागे वळून पाहिलं आणि आवाज उतरवला, जणू वफाला तो ऐकू गेला असता. "शाळेवर बॉम्ब पडला तवा आत हुती. कायबी सांगायचं तर लिहून दाखवा म्हणती. मला वाटलं, मास्तरीण हाय, लिहायची सवय. कळलं तवर तीन महिनं झालं हुतं. आता तुम्हाला नियम म्हाईत हाय. कानाच्या तपासणीत नापास, की दुसऱ्या दिवशी घरी. घरी म्हंजी कुठं? तिचं घर त्याच ढिगाऱ्यात हाय, आमच्यापासनं चार गल्ल्या पुढं. ते तिला सोताच्या हातानं उघडायचंय. पुढल्या महिन्यात डाक्टर येणार. मागल्या खेपेला मी तिला त्याच दिवशी रजा दिली हुती."

"मी गप्प बसले तर कधीतरी तिचं तोंड जाईल, सुभेदारसाहेब."

"आणि बोललात तर आजच काम जाईल. मी तीन महिनं ह्याच गणितात बसलोय. तुम्ही शिकलेल्या हाय. सोडवा."

*

बानूचाची मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती.

"चाची, चाचांना ऐकू येत नाही?"

"आत्ता कळलं होय तुला?" चाचीने सूप थांबवलं नाही. "मुठी बघून माणसं ओळखतीस म्हणे."

"कधीपासून?"

"सात रमजान झाले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"त्यांना वाटतंय मलापण म्हाईत नाही. सात वर्षं त्यांच्या पाठीमागं उभी राहून मी मनसोक्त बोलून घेते. ते सुख कशाला घालवू?" चाचीने एक खडा उचलून बाहेर टाकला. मग सूप मांडीवर ठेवून म्हणाली, "हळू सांग त्यांना. समोर बसून. ओठ दिसले पाहिजेत."

मेहजबीन चाचांसमोर जाऊन बसली. ओठ दिसतील अशी. बाबतीनची, वफाची, काचेची आणि दीड हाताची गोष्ट तिने सावकाश सांगितली. चाचा कानस पुसत राहिले.

"कानात तीन इवली हाडं असतात चाचा. कानाच्या पडद्याची थरथर ती आत पोचवतात. तिची स्फोटानं जागची हललीत. कुणाची नुसती ताठरतात. पण आतला कान शाबूत असतो. वाट बंद झालेली असते, घर नाही. दात, जबडा, कवटी, या हाडांतून थरथर थेट आत जाते."

"मला सांगतेस?" चाचा म्हणाले. "सात वर्षं त्याच वाटेनं येतोय-जातोय."

एवढ्याने सगळं बोलून झालं होतं. तरी मेहजबीनला राहवलं नाही. "मग त्या दिवशी 'वा' म्हणालात, ते काय ऐकून?"

"काही नाही. तुझं तोंड बघितलं. इतकी खुशीत होतीस की म्हटलं, वा."

"तेव्हाच बोलला असता, तर ती काडी मी कानासाठी केलीच नसती! युद्ध झालेल्या गावात धड कान किती जणांचे असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आपल्या घरात सगळं कानापासूनच सुरू होतं."

"आणि बोललो असतो तर सतारी कोण आणणार होतं?" चाचांनी कानस खाली ठेवली. "लोक म्हणतात, दस्तगीरचा कान. दस्तगीरचे दात असं कुणी म्हणत नाही."

*

उपाय हत्याराच्या बाजूने सोपा होता. बटणाएवढी चकती हेल्मेटच्या पट्ट्याला शिवायची, म्हणजे ती जबड्याच्या हाडाला चिकटून राहते. काच खाली, मान वर, तोंड जागच्या जागी. अवघड होता तो नियम. मेहजबीनने सुभेदारांच्या संस्थेच्या मुख्य कचेरीला लिहिलं, तेव्हा तिथून चार ओळींचं उत्तर आलं. कान अधू असलेला माणूस या चकतीवर काम करू शकतो, हे आधी कुणीतरी दाखवून द्यावं. ढिगाऱ्यात वीस वस्तू पुरा, ओळखायला लावा. त्या माणसाचा कानाचा दाखला आणि नाव अहवालात छापलं जाईल. सिद्ध झालं तर कानाच्या तपासणीऐवजी सगळ्यांची तीच परीक्षा घेऊ.

वफा पुढे येऊ शकत नव्हती. तोंड उघडताक्षणी ती कामावरून गेली असती. मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही, तसा अधू कानाच्या माणसांनाही नाही. पण विटेचं, डब्याचं आणि झाकणाचं उत्तर हाडातून वेगळं ओळखणारा माणूस मेहजबीनला एकच ठाऊक होता. तिने त्याला विचारलं नाही. पत्राचा मराठी तर्जुमा छापून काढला, त्याच्या कानशीखाली ठेवला आणि ती मागच्या भागात निघून गेली.

पहिला दिवस कागद कानशीखालीच राहिला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर चहाचा पेला ठेवलेला दिसला. तिसऱ्या दिवशी सकाळी चाचा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले.

"रिक्षा बोलाव. कानवाल्या डॉक्टरकडे जायचंय."

"आता?"

"मग काय उरूस बघून जायचं? आणि त्याला सांग, नाव मोठ्या अक्षरात लिही. छापायचंय."

पाडलेल्या एका घराचं डबर आणून मागच्या अंगणात ढीग केला. त्यात विटा, नळाचे तुकडे, एक कुकरचं झाकण, लोणच्याची बरणी, चाचीच्या स्वयंपाकघरातून न विचारता आणलेले चार डबे आणि आत माती भरलेले सहा नकली सुरुंग पुरले. साक्षीला दुपारी डॉक्टर आणि कॉलेजातले एक प्राध्यापक येणार होते. चाचा हेल्मेट घालून गुडघ्यांवर बसले. सत्तरीतला माणूस, डोक्यावर काचेचं झाकण. पडवीत बसलेली चाची पदर तोंडाला लावून हसत होती.

सकाळच्या रंगीत तालमीत वीसपैकी तेराच बरोबर आले. चाचांनी हेल्मेट काढून पुतणीपुढे धरलं.

"काय केलंस हे? धुऊन काढलंस?"

"खरखर काढून टाकली, चाचा. सूर स्वच्छ केला."

"त्या खरखरीतच तो होता! जवारीतली खरखर काढलीस तर उरतं काय? तार. कच्चं पाठव. जसं टोकाला लागतं तसं. निवडायचं काम माझं."

मेहजबीनने चकतीतली सगळी गाळणी काढून टाकली. तिसऱ्या प्रहरी, वस्तू नव्या जागी पुरून, डॉक्टर आणि प्राध्यापकांसमोर खरी परीक्षा झाली. चाचा एकेका वस्तूला टोक टेकवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे. वीट. वीट. बरणी, अर्धी भरलेली. नळ. झाकण दबतंय, हात लावू नका. सहाच्या सहा सुरुंग त्यांनी धरले. वीसपैकी एकोणीस बरोबर. चुकलं ते एकच: चाचीच्या हिंगाच्या डब्याला ते सुरुंग म्हणाले.

"त्याचं झाकण दबतंय," चाचा हटून बसले.

"दबणारच!" चाची पडवीतून ओरडली. "बकरीदपासनं सांगतेय, झाकण सैल झालंय, ठोकून द्या. ऐकलंत कधी?"

चाचांनी तिचे ओठ वाचले. डॉक्टरांकडे, प्राध्यापकांकडे आणि पुतणीकडे एकदा पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत म्हणाले, "ऐकू येत नाही ना मला."

चाचीचं हसू थांबलं. तिने पदर डोळ्यांना लावला, आणि लगेच तांदळाचं सूप उचलून आत गेली.

*

अहवाल छापला गेला. त्यातलं नाव सांगलीच्या पेपरवाल्याने उचललं, आणि गल्लीतल्या त्या दोन कारागिरांनी पट्टी चघळणं त्याच आठवड्यात बंद केलं. पंधरा दिवस चाचांकडे एकही सतार आली नाही. चाचा रोज वेळेवर येऊन बसत, कानशी पुसत, भोपळ्यांवरची धूळ झटकत. मेहजबीनने वहीत याची नोंद केली नाही. पण रोज दुपारी ती आपला चहा पुढच्या भागात नेऊन प्यायला लागली.

सोळाव्या दिवशी कोल्हापूरच्या इनामदारबाई आल्या. साठीच्या, कडक, सतारीला खोळ घालण्यासाठीसुद्धा दुसऱ्याचा हात लागू न देणाऱ्या. त्या चाचांच्या समोर बसल्या, ओठ दिसतील अशा.

"दस्तगीरभाई, पेपरात वाचलं."

"जी."

"म्हणजे गेल्या सात वर्षांतल्या माझ्या पाच जवाऱ्या तुम्ही दातांनी काढल्यात?"

"सहा," चाचा म्हणाले.

बाईंनी खोळ उतरवली, सतार त्यांच्यापुढे ठेवली आणि एक तार छेडली. "सातवी काढा. आणि या खेपेला पट्टी सरळ, समोर धरा. आजवर लपवता लपवता हात चोरत होतात. तिसऱ्या तारेत कळायचं मला. म्हटलं, म्हातारपण असेल."

चाचांनी पट्टी घेतली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा कानस हलली.

बाबतीनच्या कानाच्या तपासणीची जागा तोवर ढिगाऱ्यातल्या वीस वस्तूंनी घेतली होती. वफाने वीसपैकी वीस ओळखल्या. धड कानांचे तीन जण नापास झाले आणि त्यांना पुन्हा शिकायला बसवलं, हे सांगताना सुभेदार हुलवानांना हसू आवरत नव्हतं.

सहा महिन्यांनी काड्या पुन्हा दुरुस्तीला आल्या. सोबत सुभेदारांचं पत्र होतं. वफाने आपलं घर उघडलं. उंबऱ्याशी एक सुरुंग निघाला, स्वयंपाकघरात दोन. तिथेच आणखी एका वस्तूने उत्तर दिलं, तेव्हा सगळे मागे सरले. वफा मात्र हलली नाही, काच खाली ठेवून तिने तीनदा टोक टेकवलं आणि पाटीवर लिहिलं, 'आईचं पातेलं.' उकरलं तर पातेलंच होतं.

मेहजबीनने वही उघडली. "नंबर एकेचाळीस. अंगठ्याखाली झीज बेताची. आवाजाचं बटण मधल्या खुणेवर." मग तिने काडी उलटी केली आणि ती लिहायची थांबली. मागच्या टोकाला खड्डे होतेच. दोन वर, दोन खाली.

चाचांनी टेबलापलीकडून हात पुढे केला. खड्ड्यांवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. कडा गुळगुळीत झाल्या होत्या, आत धूळ बसून घट्ट झाली होती.

"जुने आहेत," ते म्हणाले. "लिही."

तिने लिहिलं. चाचांनी सागाची पट्टी दातात धरली, दुसरं टोक तबलीला टेकवलं आणि दाराकडे तोंड करून कामाला बसले.